भिंतीवरची डुलकी

नव्या चित्रावरचा पडदा खाली आला, टाळ्या सुरू झाल्या आणि त्या पुऱ्या व्हायच्या आतच कुणाला तरी हसू फुटलं.

"अहो, हे तर आपले टकटकमामा!" शिंपी ओरडला.

भिंतीच्या बरोबर मधोमध, दोन पुरुष उंचीचे टकटकमामा बाकावर बसले होते. मान मागे टाकलेली, चष्मा कपाळावर, पेपर पोटावर पसरलेला आणि तोंड उघडं. साधंसुधं उघडं नाही, चांगलं ऐसपैस. आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. ते भिंतीजवळ गेले, मान वाकडी करून चित्राच्या तोंडात डोकावले आणि समाधानानं म्हणाले, "वरची डावी दाढ नाहीये. बरोबर आहे. मीच काढलीय ती."

पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या शर्टात, खुद्द टकटकमामा बसले होते. ते उठून उभे राहिले. "हे कोणाचं चित्र आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, काका," चित्रकार बाई खुशीत म्हणाली. तिला वाटलं, त्यांना आवडलं.

"मी झोपत नाही," मामा म्हणाले.

यावर जो हशा पिकला, तो ऐकून समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. मामा खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत सरळ फाटकाबाहेर गेले. कार्यक्रमाचं खाणं तसंच राहिलं, म्हणजे त्यांच्या वाटचं. बाकी सगळं संपलं.

आता यात एवढं हसण्यासारखं काय, हे समजायला मामा कोण ते कळलं पाहिजे. मामा आमच्या वाचनालयाचे शिपाई. निवृत्त होईपर्यंत सगळा जन्म त्यांनी वाचनकक्षात काढला, आणि त्या जन्माचं मुख्य काम एकच: झोपलेल्या वाचकाला उठवणं. पंख्याखाली पुस्तक उघडलं की माणसाचे डोळे मिटतात, हा निसर्गनियम आहे. मामांना निसर्ग मान्य नव्हता. ते कधी कुणाच्या अंगाला हात लावत नसत, ओरडत तर मुळीच नसत. आवाज न करता मागून यायचे, टेबलावर तुमच्या कानापासून वीतभर अंतरावर बोटाचं पेर ठेवायचे आणि दोनदा वाजवायचे. टकटक. बस्स. ती टकटक थेट मणक्यात उतरायची. या गावात कुणी वकील झालं, कुणी शिक्षक झालं, कुणी नुसतंच नापास झालं; पण ती टकटक ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही.

उठलेला माणूस गप्प कधी बसत नाही. "मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून विचार करत होतो," असं तो म्हणणारच. मामांचं उत्तर ठरलेलं होतं. "विचार घरी करायचा. इथं वाचायचं."

माझं झेरॉक्सचं दुकान वाचनालयाच्या बरोबर समोर आहे आणि समितीत मी आहे तो मुख्यतः चहा सांगण्यापुरता. तेव्हा पुढचं सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

वाचनालयामागची मोकळी जागा वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरली जायची. अध्यक्षांनी ती साफ करून घेतली, झाडांखाली बाक टाकले, पुस्तकांचं एक काचेचं कपाट ठेवलं आणि दारावर 'वाचनअंगण' अशी पाटी लावली. लोक येऊ लागले, बसू लागले, चुकून वाचूही लागले. मग अध्यक्षांच्या मनात आलं की समोरची एवढी लांबलचक भिंत कोरी कशाला, तिच्यावर साहित्य यायला हवं.

साहित्य म्हटल्यावर लेखकांची चित्रं काढायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. कुठले लेखक, यावर तीन बैठका मोडल्या. प्रत्येक सदस्याचा आपला एक लेखक होता. माझ्या अंदाजाप्रमाणे निम्म्यांनी आपल्या लेखकाचं एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नव्हतं, पण त्याच्यासाठी खुर्ची उचलायची तयारी होती. एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा मोठा नको, दाढीवाले डावीकडे नकोत, जिवंत माणसं मेलेल्यांच्या रांगेत नकोत. शेवटी चित्रकार बाई कंटाळून म्हणाली, "लेखक राहू देत ना. वाचणारे काढूया. रोज इथं येतात तेच."

यात भांडणाला जागा नाही असं आम्हाला वाटलं. आम्ही भोळे.

बाईची काम करायची एक रीत होती. ती कोपऱ्यात एका स्टुलावर बसायची आणि दिवसचे दिवस नुसती बघून कागदावर रेघा मारायची. "मला समोर दिसतं तेच काढता येतं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मनानं काही घालता येत नाही. घातलं की ते खोटं दिसतं." आम्ही मान डोलावली. त्याचा अर्थ काय होणार हे कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही.

आपण भिंतीवर येणार हे कळल्यापासून गावात वाचनाची साथ आली. कपाटातली पुस्तकं जाडीच्या क्रमानं गायब झाली. शिंपी कायद्याचा ग्रंथ घेऊन बसू लागला. अध्यक्ष सगळे दात दाखवत कविता वाचू लागले. मीही दुकान बंद ठेवून तत्त्वज्ञानाचं एक पुस्तक मांडीवर घेतलं. खोटं कशाला बोला. बाई कुणालाच काही म्हणाली नाही. भिंतीवर आज शिंपी आहे, तो शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना. मी आहे, पुस्तक मांडीवर ठेवून घड्याळ बघताना. अध्यक्ष कवितेवर जांभई देतायत, त्यामुळे त्यांचे दात मात्र खरोखरच सगळे आले आहेत.

मामांनी तर बाईला स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "मला उभं काढ. कपाटापाशी, असा. हात मागे. सगळ्यांवर नजर." निवृत्त झाले तरी रोज सकाळी ते अंगणात येत, आणि बाई आल्यापासून इस्त्रीच्या शर्टात येत. दुपारपर्यंत ते कपाटापाशी पुतळ्यासारखे उभे राहत. मग झाडाखालच्या आपल्या बाकावर जरा टेकत. आता दुपारी त्या झाडाखाली कुणाचे डोळे लागत नाहीत? जो तो आपल्याच डुलकीत, दुसऱ्याची कोण बघतो! बघत होती ती एकटी बाई.

दुसऱ्या दिवसापासून गावानं जुनी उट्टी काढायला घेतली. पावाच्या दुकानात मामांची पाळी आली की दुकानदार फळीवर पेर वाजवी. टकटक. बसमध्ये वाहक त्यांच्या कानाजवळच्या दांड्यावर तिकिटाचा पंच वाजवी. एका वकिलानं तर भर चौकात गाडीची काच खाली करून दारावर वाजवलं आणि म्हणाला, "मामा, विचार घरी करायचा!" मामांनी दोन-तीन दिवस कळ काढली आणि अंगणात यायचंच सोडलं.

मी त्यांना घरी भेटायला गेलो. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. खुर्ची दिली नाही, मी आपण होऊनच बसलो.

"अहो मामा, गंमत आहे ती. चार दिवस हसतील आणि विसरतील."

"भिंत विसरेल का?" ते म्हणाले.

मी सवयीनं घड्याळ बघितलं.

"हे बघ, मी शिकलेला नाही," मामा म्हणाले. "पुस्तकांच्या खोलीत जन्म गेला, पण माझा संबंध फक्त धूळ झटकण्यापुरता. माझं म्हणावं असं एकच होतं. मी होतो तोवर त्या खोलीत कुणी झोपलं नाही. तेवढंच कमावलं होतं रे. तेही पुसून टाकलंत, आणि वर सगळ्या गावाला दिसेल असं." त्यांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "डोळे उघडा त्या माणसाचे. नाहीतर भिंत पाडा."

मला त्यांची दया आली आणि थोडी लाजही वाटली, कारण पडदा पडला तेव्हा पक्षी उडवणाऱ्यांत मीही होतो.

समितीची बैठक बसली. अध्यक्षांचं म्हणणं, तोंडाला हात लावू नये, ते फार अभ्यासपूर्ण उतरलं आहे. पण डोळे उघडावेत यावर एकमत झालं. आमच्या इतिहासातलं, टिकलेलं असं, ते पहिलंच. बाईला बोलावलं. ती म्हणाली, "उघडते की. काकांना वाईट वाटावं असं मला कुठं हवं होतं? पण त्यांना समोर बसावं लागेल. जागे. मला दिसलं तर मी काढीन."

"जागा माणूस बघायचाय तिला," मी मामांना निरोप दिला.

"मग बघ म्हणावं," मामा म्हणाले आणि दाढीचं सामान काढलं.

ते आले तेव्हा अंगण भरलेलं होतं. बातमी पसरायला या गावात वेळ लागत नाही. मामा आपल्या बाकावर ताठ बसले. चष्मा पुसला, पेपर उघडला, छाती पुढे काढली. बाईनं स्टूल ओढलं. "फार हलू नका काका. डोळ्यांना थोडा वेळ लागतो."

"लागू दे," मामा म्हणाले. "मला काय धाड भरलीय!"

पहिलं पान संपायच्या आत त्यांची मान कलली.

शिंपी याच क्षणाची वाट बघत असावा. तो दबक्या पावलांनी मागून गेला, बाकाच्या पाठीवर पेर ठेवलं आणि वाजवलं. टकटक. मामा ताडकन सरळ झाले.

"मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही नाही," शिंपी म्हणाला.

"डोळे मिटून विचार करत होतो."

सगळं अंगण पोट धरून हसलं. मामांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. ते पुन्हा ताठ बसले. पुन्हा मान कलली. या वेळी पाव-दुकानदारानं वाजवलं. मामा म्हणाले, डोळ्यांना जरा विश्रांती देत होतो. नंतर वकिलानं वाजवलं. मामा म्हणाले, वाचलेलं मनात घोळवत होतो. आम्ही त्यांना जन्मभर ज्या ज्या थापा मारल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी एकेक करून आम्हाला परत केल्या.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. घरून तोंडावर गार पाणी मारून आले, कडक कॉफी पिऊन आले, पण काही उपयोग नाही. त्या बाकावर बसलं की माणूस गेलाच. अध्यक्ष म्हणाले, "माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसवा. तिथं आजवर कुणी झोपलेलं नाही." बाईचा कागद कोराच होता. आणि वाजवणाऱ्यांची तर आता चक्क रांग लागली होती. मला ऐकून माहीत आहे, बाहेरच्या गल्लीतलेसुद्धा दोघे येऊन गेले.

त्या दिवशी मामा असेच कलंडले होते, शिंप्यानं पेर उचललं होतं, आणि मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. मामांची सून होती. बस-आगारात तिकीटखिडकीवर असते, कामावरून परस्पर आली होती. जाळीतून बोलायची सवय असल्यामुळे एरवी तिचा आवाज चौकापर्यंत जातो. आज ती कुजबुजली.

"उठवू नका."

"अहो, गंमत—" शिंपी म्हणाला.

"उठवू नका म्हटलं ना! पडदा पडला त्या दिवसापासून ते घरी एक मिनिट झोपलेले नाहीत." तिनं सगळ्यांकडे बघितलं. "आणि त्याच्या आधीही नव्हते झोपत. सासूबाई गेल्यापासून नाहीत. अंथरूण घालते मी रोज, सकाळी तसंच्या तसं उचलते. रात्रभर घरात फिरतात. दार बघतात, नळ बघतात, आम्ही झोपलोय का ते बघतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. आम्हाला वाटायचं, हा माणूस जगतोय कशावर? मग हे चित्र बघितलं." ती भिंतीकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही सगळे हसत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, झोपतात. कुठंतरी झोपतात बिचारे. ती पण जागा तुम्ही त्यांना ठेवली नाहीत."

शिंप्यानं हात खाली घेतला. पाव-दुकानदार आपल्या चपलांकडे बघू लागला. रांग कशी विरली ते कुणालाच कळलं नाही. कुणी निघून मात्र गेलं नाही. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला आणि हाताला लागलं ते पुस्तक उघडलं, कारण नुसतं बसून माणूस झोपलेल्या माणसाकडे किती वेळ बघणार? एका मोबाईलनं आवाज केला तर अध्यक्षांनी असे डोळे वटारले की त्याचा मालकच घाबरून बाहेर पळाला. मामांच्या कारकिर्दीत वाचनकक्षात जी शांतता कधी झाली नसेल, ती त्या दिवशी अंगणात झाली. आणि तिच्या मधोमध मामा व्यवस्थित घोरत होते.

ऊन उतरलं तेव्हा ते आपले आपण जागे झाले. इकडे तिकडे बघितलं. इतकी माणसं आणि सगळी वाचतायत, हे त्यांना काही केल्या पटेना.

"उठवलं का नाही मला?" ते चिडून म्हणाले. "सगळा उजेड गेला, आता ती पोर रंगवणार कशी!"

सून जवळ गेली आणि त्यांच्या कपाळावरचा चष्मा नाकावर आणून ठेवला. चष्मा लागल्यावर समोरची भिंत त्यांना दिसली. मला वाटतं, तिच्याकडे ते तेव्हाच पहिल्यांदा नीट बघत होते. पडदा पडला त्या दिवशी त्यांना उघड्या तोंडापलीकडे काही दिसलंच नसावं. त्यांनी बघितलं, आणि बघतच राहिले.

"हा हात," ते म्हणाले.

चित्रातल्या मामांचा डावा हात बाकावर होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर, पंजा पालथा, बोटं पसरलेली. इतके दिवस आम्ही दाढ मोजत होतो. तो हात आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

"रोज तसाच असतो, काका," बाई म्हणाली. "झोप लागली की तुम्ही तिथं हात ठेवता. आत्ताही आहे."

मामांनी खाली बघितलं. हात तिथंच होता. त्यांनी तो हळूच उचलला आणि कुठं ठेवावा हे न कळून मांडीवर ठेवला.

"इथं ती बसायची," ते म्हणाले. "मी निवृत्त झाल्यावर. डोळे गेले होते तिचे, मोतीबिंदू. म्हणायची, जन्मभर पुस्तकांत होतात, मला कधी काही वाचून दाखवलं नाहीत. मग पेपर वाचून दाखवायचो. पहिली बातमी संपायच्या आत झोपायची."

"आणि तुम्ही टकटक केली नाही?" शिंप्याच्या तोंडून निघून गेलं. सुनेनं त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा झाला.

पण मामा रागावले नाहीत. "टकटक कसली करतोस! वाचायचा थांबलो तरी उठायची. म्हणून थांबायचो नाही. सगळा पेपर वाचायचो. निविदा, बाजारभाव, हरवले-सापडले. अर्धंअधिक मला कळायचं नाही. बारीक आवाजात वाचत राहायचो." त्यांनी पेपराची घडी घातली. "चांगली झोपायची."

बाईनं ब्रश हातात घेतला होता, तो नुसताच फिरवत होती. शेवटी तिनं विचारलं, "काका, डोळे उघडायचे ना मग? उद्या सकाळी लवकर बसू. तेव्हा जागे असाल तुम्ही."

मामा भिंतीजवळ गेले. चित्रातल्या बाकाच्या रिकाम्या भागाला त्यांनी बोट लावून बघितलं, रंग वाळलाय की नाही तसं.

"डोळे राहू देत," ते म्हणाले. "हात पण असू दे. तोंड तेवढं मीट बाई. ती शेजारी असताना मी असा तोंड वासून कधी बसलो नाही."

अध्यक्षांनी दाढेसाठी एक सुस्कारा सोडला, पण हरकत घेतली नाही. बाईनं शिडी लावली, रंग कालवला आणि वर चढून खाली बघितलं.

"मला समोर दिसलं पाहिजे, काका. तोंड मिटून उभे राहा."

मामा भिंतीसमोर उभे राहिले. हात मागे, पाठ ताठ, तोंड घट्ट मिटलेलं. बाईनं एकदा खाली बघितलं, एकदा भिंतीकडे, पुन्हा खाली. ब्रश भिंतीपर्यंत गेला आणि थांबला.

"काका, ओठ हलवू नका."

"मी कुठं हलवतोय?" मामा म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांचे ओठ आपले आपणच हलत होते, शेजारी कुणाला बारीक आवाजात पेपर वाचून दाखवावा तसे. बाईनं ब्रश खाली घेतला आणि शिडीच्या पायरीवर बसून, त्यांच्याकडे न बघता, ती वाट बघत राहिली.